वेगाची शाळा

गेल्या हिंवाळ्यांत आमच्या हातून एक अपराध घडला, आणि तो आमच्या स्नेहीमंडळींत एव्हांना सर्वश्रुत झाला आहे. वयाची चोपन्न वर्षें उलटलेल्या व तर्कशास्त्र शिकवितां शिकवितां केस पिकलेल्या एका प्राध्यापकानें डोक्यावर हेल्मेट चढवून मोटारींच्या शर्यतीच्या मार्गावर भरधांव गाडी हांकली, हें वृत्त आमच्या पुतण्यानें हौसेनें काढलेल्या छायाचित्रांवरून फुटलें. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनीं आम्हांस भर शिक्षकदालनांत विचारलें, "काय हो, उतारवयांत हे चाळे कशाला?" दुसरे एक विद्वान् स्नेही अधिक गंभीरपणें म्हणाले, "सुशिक्षितांनींच असला धडा घालून दिला, तर मुलांना आम्हीं कोणत्या तोंडानें अडवावें?" त्या वेळीं आम्हीं हंसून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं, म्हणून त्याचें उत्तर येथें देण्याचें योजिलें आहे.

हें उत्तर बचावाचें नाहीं, उलट आरोपाचें आहे. गाडीची शक्ति कोठें संपते हें बंदिस्त जागीं, जाणत्याच्या देखरेखीखालीं एकदां पाहून येणारा मनुष्य अपराधी नव्हे. तें कधींहि न पाहतां व न दाखवितां घरच्या तरुणाच्या हातीं तीन-साडेतीनशें अश्वशक्तीची किल्ली ठेवणारें आमचें प्रतिष्ठित कुटुंब अपराधी आहे, आणि त्या कुटुंबांत आम्हीहि मोडतों.

ज्यांस या प्रकाराची माहिती नाहीं त्यांच्यासाठीं प्रथम वस्तुस्थिति सांगतों. मोटारप्रेमी मंडळी ज्याला 'ट्रॅक डे' म्हणतात तो शर्यतीचा दिवस नव्हे. त्या दिवशीं कोणी पहिला येत नाहीं, कोणास पदक मिळत नाहीं. शर्यतीसाठीं बांधलेला मार्ग दिवसभरापुरता मोकळा ठेवलेला असतो. ठरलेली फी भरून सामान्य माणसानें आपली रोजची गाडी तेथें आणावी, नियम ऐकावे, शेजारीं शिक्षक बसवून घ्यावा आणि थोड्याथोड्या मिनिटांच्या पाळ्यांनीं ती चालवावी, एवढाच त्याचा अर्थ. आम्ही गेलों तो मार्ग चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथें आहे. मद्रास मोटर स्पोर्ट्‌स क्लब ही संस्था १९५३ सालीं स्थापन झाली. पुष्कळ वर्षें तिच्या शर्यती शोलावरम येथील महायुद्धकालीन विमानांच्या धांवपट्टीवर होत, आणि १९९० सालीं हा स्वतंत्र मार्ग सुरू झाला. त्याची लांबी सुमारें ३.७ किलोमीटर असून तींत बारा वळणें आहेत.

आमचा पुतण्या चेन्नईस मोटारीच्या कारखान्यांत अभियंता आहे. त्यानें नवी गाडी घेतली होती. चार दारांची, मागें सामानासाठीं पेटी असलेली, पाहणाऱ्यास अगदीं कुटुंबवत्सल वाटावी अशी ती सेडान. परंतु तिच्या पोटांत साडेतीनशेंहून अधिक अश्वशक्तीचें यंत्र, आणि त्या यंत्राची शक्ति दोन नव्हे तर चारही चाकांना पोंचविण्याची योजना. स्थिर अवस्थेंतून ताशीं शंभर किलोमीटरचा वेग ती पांच सेकंदांच्या आंत गांठते. "काका, तुम्ही नुसते शेजारीं बसा," असें म्हणून त्यानें आम्हांस नेलें. पुढें शेजारीं बसण्यावर भागलें नाहीं, हें कबूल करावयास हवें.

सकाळीं पहिला तास व्याख्यानाचा होता. चौकडीचा झेंडा दिसला कीं पाळी संपली. पिवळा झेंडा म्हणजे पुढें धोका, तेथें कोणास ओलांडावयाचें नाहीं. निळा म्हणजे मागून अधिक वेगवान् गाडी येत आहे, तिला वाट द्यावी. लाल म्हणजे पाळी थांबली, हळूहळू परत या. ज्यानें नियम मोडला त्याला घरीं पाठविण्यांत येईल, असें सौम्य शब्दांत बजावण्यांत आलें. ऐकणाऱ्यांत व्यापारी होते, डॉक्टर होते, संगणकक्षेत्रांतील तरुण होते. तीस वर्षें वर्गांत उभे राहून आम्हीं एवढी शांतता क्वचित् पाहिली असेल. सार्वजनिक रस्त्यावर तांबडा दिवा पाहून जी मंडळी कपाळाला आंठ्या घालतात, तींच येथें एका झेंड्यासाठीं डोळ्यांत तेल घालून बसलीं होतीं.

आमचे शिक्षक आमच्या विद्यार्थ्यांहून फार मोठे नव्हते. पहिल्या पाळींत त्यांनीं आम्हांस सावकाश चालवावयास लाविलें. दुसऱ्या पाळींत मात्र आमच्या अंगांत वारें शिरलें. वळणांतून बाहेर पडतांना पाय दाबावा आणि चारही चाकांनीं जमीन घट्ट धरून गाडीनें बाणासारखें सुटावें. घसरणें नाहीं, डळमळणें नाहीं. तीन-चार वळणें अशीं निघालीं आणि आमची खात्री पटली कीं, ही विद्या आपणांस साधली. लांब सरळ भागाच्या शेवटीं वेग ताशीं दीडशें किलोमीटरच्या वर गेला होता. ब्रेक कोठें दाबावा याची खूण आम्हांस दिसली. 'गाडी धरील' असें मनांत म्हणून आम्हीं ती मागें जाऊं दिली. मग ब्रेक दाबला आणि त्याच क्षणीं स्टिअरिंग वळविलें. स्टिअरिंग वळलें, परंतु गाडी वळली नाहीं. ती नाकासमोर चालली. आम्हीं आणखी वळविलें. तिनें दाद दिली नाहीं. डांबर संपलें, गवत लागलें, धूळ उडाली, आणि बऱ्याच अंतरावर गाडी उभी राहिली.

इजा कोणासहि झाली नाहीं, कारण तेथें आदळण्यासारखें कांहीं नव्हतें. झाड नव्हतें, दरी नव्हती, समोरून येणारी एस्‌टी नव्हती, शाळेंतून परतणारें पोर नव्हतें. शिक्षक क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "सर, गाडीनें तुम्हांस फसविलें नाहीं. तुम्हीं तिला एकाच वेळीं दोन कामें सांगितलीं."

या एका वाक्यांत त्या दिवसाचें सारें शिक्षण आलें. गाडी जमिनीला टेंकते ती चार टायरांच्या तळाशीं, सुमारें तळहाताएवढ्या चार तुकड्यांवर. त्या तुकड्यांची पकड पगारदाराच्या मासिक वेतनासारखी ठरीव असते. ती वेग वाढविण्यांत खर्चा, थांबण्यांत खर्चा, कीं वळण्यांत खर्चा. एका खात्यांत सगळी उधळली तर दुसऱ्यासाठीं शिल्लक राहत नाहीं. जाणता चालक सरळ मार्गावरच ब्रेक दाबून खर्च उरकतो, मग ब्रेक हळूच सोडीत सोडीत उरलेली पकड वळणाला देतो. आम्हीं एकच रुपया दोन दुकानांत मोडावयास निघालों होतों.

आणि चारही चाकांना मिळणारी शक्ति? तिचा त्या क्षणीं काडीमात्र उपयोग नव्हता. येथें आमच्या विषयांतला एक हेत्वाभास आहे, आणि तो आम्हीच केला, याची आम्हांस सर्वांत अधिक लाज वाटली. 'ही गाडी निघतांना रस्ता घट्ट धरते. म्हणून थांबतांना व वळतांनाहि ती तसाच धरील,' असें तें अनुमान. परंतु ब्रेक तर दोन चाकांना शक्ति देणाऱ्या साध्या गाडीलाहि चारही चाकांना असतात. यंत्राची शक्ति चार चाकांत वांटल्यानें थांबण्याची शक्ति वाढत नाहीं. या योजनेचा इतिहास पाहिला तरी हेंच दिसतें. फिनलंडांतील बर्फावर चांचण्या चालल्या असतां फोक्सवॅगनची इल्टिस नांवाची, कमी शक्तीची परंतु चारही चाकांनीं चालणारी लष्करी गाडी अधिक बलवान् गाड्यांस मागें टाकते, हें आउडी कंपनीच्या अभियंत्यांनीं पाहिलें. त्यांतून १९८० सालीं जिनीव्हाच्या प्रदर्शनांत 'क्वाट्रो' ही गाडी अवतरली आणि तिनें रॅलीच्या शर्यतींचें रूपच पालटलें. प्रश्न होता तो, निसरड्या भूमीवर शक्ति वायां न घालवितां गाडी पुढें कशी ढकलावी, हा. त्याचें उत्तर उत्तम मिळालें. न विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर मात्र आम्ही खरेदीदारांनीं आपल्या पदरचें त्यांत घातलें.

याहून सूक्ष्म धोका दुसराच आहे. साध्या गाडीचा चालक ओल्या रस्त्यावर पाय जरा जोरानें दाबतो तेव्हां चाक जागच्या जागीं फिरूं लागतें किंवा समोरचा दिवा लुकलुकतो, आणि रस्ता निसरडा आहे हें त्यास आयतेंच कळतें. चार चाकांनीं ओढणारी गाडी त्याच रस्त्यावरून निमूटपणें सुटते. चालकास वाटतें, रस्ता चांगला आहे. रस्ता तोच असतो. इशारा देणारा तेवढा गप्प बसविलेला असतो. जितका सेवक हुषार तितकें धन्याचें अज्ञान अधिक काळ झांकलें जातें, आणि तें उघडें पडतें तेव्हां वेग बराच वाढलेला असतो. पावसांतून गाडी सुसाट नेऊन दाखविणाऱ्या जाहिरातींत ही गोष्ट कोणी सांगत नाहीं.

तिसऱ्या पाळीच्या अखेरीस आणखी एक पाठ मिळाला. ब्रेकचा पेडल पूर्वीपेक्षां मऊ लागूं लागला आणि चाकांपासून करपल्यासारखा वास आला. "आतां एक फेरी ब्रेक न वापरतां, हळू," शिक्षक म्हणाले; आणि गाडी उभी केल्यावर हँडब्रेक लावूं नका, असेंहि बजावलें. शाळेंत शिकलेलें एक सूत्र तेथें नाकानें शिकलों. वेग दुप्पट झाला म्हणजे गाडींतील गतिज ऊर्जा चौपट होते, आणि ती सर्व ब्रेकांना उष्णतेच्या रूपानें गिळावी लागते. ताशीं शंभर किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत सुमारें अठ्ठावीस मीटर जाते. म्हणजे चालकानें धोका ओळखून पाय हलविण्यापूर्वींच दोन-तीन घरांची आळी मागें पडलेली असते. हे आंकडे आम्हांस पूर्वींहि पाठ होते. पाठ असणें आणि ठाऊक असणें यांतलें अंतर त्या गवतांत थांबल्यावर कळलें.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप असा कीं, हा प्रकार सभ्य गृहस्थास शोभत नाहीं. शर्यतीचा मार्ग म्हणजे बेफाम लोकांचा अड्डा. इतिहास याच्या उलट साक्ष देतो. १९०३ च्या मे महिन्यांत पॅरिसपासून माद्रिदपर्यंत सार्वजनिक रस्त्यांवरून मोटारींची शर्यत निघाली. धुळीच्या लोटांत, रस्त्याच्या कडेस जमलेल्या लोकांमधून गाड्या धांवल्या. चालक मेले, बघे मेले, प्रसिद्ध रेनो बंधूंपैकीं मार्सेल रेनो त्यांत गेला, आणि सरकारनें ती शर्यत बोर्दो येथेंच बंद पाडली. इंग्लंडांत त्याच वर्षीच्या कायद्यानें रस्त्यावरील वेगाची मर्यादा ताशीं वीस मैल ठरली. पुढें १९०७ सालीं ह्यू लॉक किंग यानें वेब्रिजजवळ आपल्या जमिनीवर ब्रुकलंड्‌स येथें मोटारींसाठीं खास बांधलेला शर्यतीचा मार्ग उघडला. वेगाला लोकांच्या रस्त्यावरून उचलून कुंपणाच्या आंत नेण्याची सोय अशी उभी राहिली. ज्यास हा अड्डा म्हणावयाचा असेल त्यानें खुशाल म्हणावें. कुंपण नसलेला अड्डा कोठें आहे तें आम्ही पुढें सांगतों.

दुसरा आक्षेप खर्चाचा. तो आम्हांस बव्हंशीं मान्य आहे. टायर झिजतात, पेट्रोल जळतें, फी भरावी लागते. गरीब देशांत ही चैन आहे हें कोण नाकारील? परंतु ज्या घरीं पन्नास-साठ लाखांची गाडी दारांत उभी आहे, त्या घरानें ती चालविण्याच्या एका दिवसाच्या शिक्षणाचे वेळीं एकाएकीं काटकसरीचा उपदेश करावा, हें आम्हांस पटत नाहीं. पियानो विकत घेऊन पेटीवाल्याची फी वांचविण्यासारखें तें आहे. भेद एवढाच कीं, बेसूर पियानोनें कोणी मरत नाहीं.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार, आणि तो आमच्या विद्वान् स्नेह्यांनीं केला: अशा ठिकाणीं जाऊन तरुणांस वेगाची चटक लागेल, आणि 'मला येतें' असा गर्व होईल. हा आक्षेप पोकळ नाहीं. उत्तर युरोपांतील देशांचा अनुभव असाच आहे कीं, घसरलेली गाडी सांवरण्याचें नुसतें कौशल्य शिकविलें तेव्हां तरुण चालक अधिक सावध होण्याऐवजीं अधिक धीट झाले. परंतु त्या लोकांनीं यावरून शाळा बंद केली नाहीं, पाठ बदलला. गाडी कशी सांवरावी यापेक्षां ती सांवरत नाहीं केव्हां, हें दाखविण्यावर भर देण्यांत आला. ऑस्ट्रियांत तर २००३ सालापासून, परवाना मिळाल्यानंतरहि नव्या चालकास बंदिस्त मैदानावरील सुरक्षा-शिक्षणाचा पाठ सक्तीचा आहे. जो ट्रॅकवरून 'मी किती जलद गेलों' एवढेंच घेऊन परततो, आणि संध्याकाळीं त्याची चित्रफीत मित्रांना दाखवीत बसतो, तो पाठ चुकलेला विद्यार्थी होय. त्याची बाजू आम्ही घेणार नाहीं. वेगांत जे मर्दुमकी पाहतात त्यांना इतकेंच स्मरण देतों कीं, त्याच क्वाट्रो गाडींतून १९८१ सालीं सान रेमोची रॅली मिशेल मूतों या फ्रेंच बाईनें जिंकली होती. आणि ट्रॅक निर्धोक आहे असेंहि आमचें म्हणणें नाहीं. तेथेंहि अपघात झाले आहेत, माणसें गेलीं आहेत. आमचें म्हणणें तुलनेचें आहे.

ती तुलना करावयाची तर कुंपण नसलेल्या अड्ड्याकडे पाहावें. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं आपल्या देशांतील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें अपघातांत मरण पावलीं. दिवसाचा हिशेब केला तर तो चारशें साठाच्या वर जातो. त्यांपैकीं सुमारें ७१ टक्के मृत्यूंचें कारण मर्यादेबाहेरचा वेग असें नोंदविलें आहे. हीं माणसें शर्यतीच्या मार्गावर मेलीं नाहींत. तीं मेलीं तेथें झेंडा दाखविणारा नव्हता, शेजारीं शिक्षक नव्हता, आणि गवताचा मोकळा पट्टा नव्हता. वेगाची शाळा आपल्या देशांत नाहीं असें नव्हेच. ती घाटांत आणि महामार्गावर रात्रंदिवस भरते, आणि तिच्यांत चुकीची शिक्षा बहुधा दुसऱ्यालाच मिळते.

आमच्या स्वतःच्या परवान्याची हकीकत सांगतों. एका मैदानांत गाडी थोडी पुढें नेली, थोडी मागें आणली; साहेबांनीं मान डोलाविली; आम्ही चालक झालों. ओल्या रस्त्यावर ताशीं ऐंशींच्या वेगांत पूर्ण ताकदीनें ब्रेक दाबला तर काय होतें, हें त्या दिवसापासून पुढें सत्तावीस वर्षें आम्हांस कोणी विचारलें नाहीं, व आम्हीं कोणास विचारलें नाहीं.

न विचारल्याचा हा दोष आम्हांस का टोंचतो, तेंहि सांगून टाकतों. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत एक बुद्धिमान् मुलगा होता. पदवीपरीक्षेंत वरचा क्रमांक आला म्हणून वडिलांनीं त्यास गाडी घेऊन दिली. भारी, वेगवान्, आमच्या पुतण्याच्या गाडीप्रमाणेंच चारही चाकांनीं चालणारी. तो पेढे घेऊन आमच्या घरीं आला. गाडी दाखविण्यासाठीं त्यानें आम्हां उभयतांस खालीं बोलाविलें. आमच्या पत्नीनें चाकावर पाणी घातलें, कुंकू लाविलें. आम्हीं पाठ थोपटली व 'सांभाळून हो' म्हणालों. पुढच्याच पावसाळ्यांत घाटांतील एका ओल्या वळणावर ती गाडी नाकासमोर सरळ गेली. तेथें गवत नव्हतें. आम्ही भेटावयास गेलों तेव्हां वडील एकच वाक्य पुन्हां पुन्हां म्हणत होते, "सर्वांत सुरक्षित म्हणून हीच घेतली हो." त्या वाक्याचा अर्थ आम्हांस त्या दिवशीं कळला नाहीं. तो इरुंगाट्टुकोट्टैच्या धुळींत बसल्यावर कळला.

म्हणून आमचें मागणें थोडेंच आहे. परवाना देणाऱ्यांनीं ओल्या केलेल्या बंदिस्त पट्टीवर जोराचा ब्रेक दाबावयास लावल्यावांचून कोणासहि परवाना देऊं नये. मोठ्या शक्तीची गाडी विकणाऱ्यांनीं तिच्या किल्लीबरोबर हा एक दिवस पदरचा द्यावा. आणि वरील दोन्ही गोष्टी होण्याची वाट न पाहतां, ज्या घरीं अशी गाडी आली आहे त्या घरच्या वडील माणसांनीं मुलास, मुलीस आणि स्वतःलाहि, एकदां अशा ठिकाणीं नेऊन बसवावें. त्या रात्रीं चेन्नईस परततांना गाडी पुतण्या चालवीत होता. रस्ता मोकळा होता, यंत्र तेंच होतें. कांटा ऐंशींच्या पुढें गेला नाहीं, आणि त्याबद्दल आम्ही दोघेहि एक शब्द बोललों नाहीं.

असो. पेढे घेऊन पुन्हां कोणी विद्यार्थी आमच्या दारीं येईलच. तशी वर्षें सरत नाहींत. त्याची पाठ आम्ही थोपटूं, पेढाहि घेऊं. परंतु तो तोंडांत घालण्यापूर्वीं त्यास विचारणार आहों, "ओल्या रस्त्यावर ही गाडी किती अंतरांत थांबते, तें तूं स्वतः पाहिलें आहेस काय?" नाहीं म्हणाला, तर त्याच्या वडिलांस भेटावयास आम्ही त्याच दिवशीं जाऊं. आमचे स्नेही त्यासहि उतारवयांतले चाळेच म्हणणार असतील, तर म्हणोत.